चार नखांचा ड्रॅगन

“फक्त चार नखं काढायचीत,” तेहमीबाई म्हणाल्या. “एकेका पायाला एक. रविवारच्या आत. तुला काय कठीण आहे? फळ्यावर तू अख्खे हत्ती काढतेस.”

असं म्हणून त्यांनी बरणीवरची चादर ओढून काढली आणि हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

बरणी म्हटलं की आपल्याला लोणचं आठवतं. ही बरणी तशी नव्हती. माझ्या कमरेला लागेल इतकी उंच, खांद्याशी रुंद, खाली निमुळती, दुधासारखी पांढरी. आणि तिच्या सगळ्या अंगाभोवती निळ्या रंगाचा एकच ड्रॅगन वेटोळं घालून निघालेला. त्याचं डोकं बघायला आपण समोर उभं राहावं आणि शेपूट शोधायला मागे जावं. मी त्या वेळी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. दर हिवाळ्यात सातवीच्या मुलींना बसने देवळालीला तेहमीबाईंच्या घरी आणायचे, ह्या बरणीभोवती गोल बसवायचे आणि चित्र काढायला लावायचे. तेहमीबाई मुलींना लाल रासबेरीचं सरबत देत आणि जाताना प्रत्येकीला विचारत, “परत कधी येशील?” मुली म्हणत, “पुढच्या वर्षी.” पुढच्या वर्षी सातवीत दुसऱ्या मुली असत. तेहमीबाईंना ते माहीत होतं. तरी विचारत.

त्या शुक्रवारी मात्र त्यांनी मला एकटीलाच बोलावून घेतलं होतं.

“नखं काढायची म्हणजे?” मी म्हटलं.

“पाय मोज. मग नखं मोज.”

मी बरणीभोवती फिरले. चार पाय होते. प्रत्येक पंजाला चार नखं, कोयत्यासारखी वाकलेली. आणि प्रत्येक पंजाच्या कडेला, जिथे पाचवं नख असायला हवं तिथे, बोटाच्या पेराएवढी एक निस्तेज जागा. बाकीची बरणी आरशासारखी चमकत होती, फक्त तेवढ्या चार जागा मुक्या. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. इतकी वर्षं मी मुलींना ड्रॅगनचे डोळे आणि खवले दाखवत आले होते, पण ह्या जागा माझ्याही नजरेत भरल्या नव्हत्या.

“हे कुणी केलं?”

“माझ्या भावाने. केकीने. नऊ वर्षांचा होता.” त्या खुर्चीवर बसल्या. “तू पण बस नी. उभी राहून ऐकण्यासारखी गोष्ट नाही ती.”

तेहमीबाई सगळ्यांनाच अरेतुरे करत. पोस्टमनला, डॉक्टरला, मला. त्यात अपमान नसे, उलट घरातलं कुणी बोलल्यासारखं वाटे.

त्यांचे वडील सोराबजी चिनाई. आजोबा-पणजोबा जहाजांवरून चीनला जात, कापूस नेत, रेशीम आणि कपबशा आणत. पण ती विकायची भांडी. बादशहाच्या भट्टीत भाजलेली भांडी कुणा व्यापाऱ्याला मिळत नसत. ज्यात एवढासा दोष निघे तीसुद्धा तिथेच फोडून पुरून टाकत, बाहेर जाऊ देत नसत. पुढे राजवाडे लुटले गेले, मग बादशाहीच संपली आणि ती भांडी जगभर पांगली. लंडनचे, अमेरिकेचे धनिक त्यांच्यावर तुटून पडले. सोराबजींना मुंबईत एका मेलेल्या जहाज-कप्तानाच्या सामानाच्या लिलावात ही बरणी मिळाली.

“पपा म्हणायचा, मला तीन मुलं. तेहमी, केकी आणि हा जार. त्यात लाडकं कोण ते विचारू नका.” त्या किंचित हसल्या. “जो येईल त्याला सांगायचा, हा ड्रॅगन बघा, पाच नखांचा. पाच नखं म्हणजे खुद्द बादशहाचा. चार नखं म्हणजे आपले कुणीतरी लहानसहान. मग एकदा एक साहेब जेवायला आला. तो स्वतः चिनी भांडी जमवणारा. त्याने दिवा मागितला, गुडघ्यावर बसला आणि मोजायला लागला. मोजून झाल्यावर म्हणाला, मिस्टर चिनाई, चार आहेत. आणि पाचवं कुणीतरी घासून काढलंय.”

“मग?”

“मग काय. पपाचं तोंड मी कधी विसरणार नाही. केकीला वाढदिवसाला चाकू मिळाला होता, लहानसा, दोन पात्यांचा. तो घेऊन तो जारच्या मागे बसायचा. ती त्याची जागा होती, तिथे त्याला कोणी बघत नसे. पपाने विचारलं, तू केलंस? तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत नाही. पपा जेवेना. कुणाशी बोलेना. मग एक दिवस केकी स्वतःच उठून पपाच्या खोलीत गेला आणि म्हणाला, हो, मी केलं.”

“आणि?”

“भुसावळला आमच्या फुईकडे, पपाच्या बहिणीकडे पाठवून दिला. तिचा नवरा रेल्वेत होता. निघताना पपा त्याला म्हणाला, ज्या दिवशी ती नखं परत येतील, त्या दिवशी तू पण परत ये.” तेहमीबाईंनी मांडीवरची चादर घडी केली, परत उलगडली. “रागात बोलला. माणूस रागात बोलतो. पण केकी तेव्हापासून तेच धरून बसला. पपा गेला तेव्हा आला, पण फाटकाच्या आत पाय ठेवला नाही. रस्त्यावरूनच प्रेतामागे चालत गेला. मी फोन करते, ये म्हणते. तो म्हणतो, नखं आली का? आणि हसतो.”

“आणि रविवारी काय आहे?”

त्या एकदम लहान मुलीसारख्या ओशाळल्या. “मी त्याला सांगितलं, आली.”

“काय?”

“अगं, मंगळवारी मुंबईच्या संग्रहालयाची माणसं येतायत, जार न्यायला. मीच देऊन टाकला. मी गेल्यावर ह्याला पुसणार कोण? तर जार जायच्या आधी केकीने एकदा तरी ह्या घरात जेवावं असं मला वाटलं. म्हणून म्हटलं, नखं आली, येऊन बघ. आणि तो येतो म्हणाला. आता तू काढून दे.”

मी पिशवीतून माझं सामान काढलं. कुंचले, निळा रंग आणि रंग कालवायची चिनी मातीची बशी. खरं सांगायचं तर मी रंगवायलाच बसले होते. एका म्हाताऱ्या बाईला भावाला जेवू घालायचं होतं, त्यात पाप ते काय? पण त्या खरखरीत जागेवर कुंचला टेकवण्याआधी माझी नजर बशीवर गेली आणि हात थांबला.

शाळेतली ती बशी माझ्याकडे वर्षानुवर्षं होती. रंग वाळून बसला की मुली तो ब्लेडने खरवडून काढत. किती मुलींच्या हातून, किती ब्लेडांनी ती खरवडली गेली असेल त्याची गणती नाही. आणि तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

“तेहमीबाई, एक सुरी देता?”

त्यांनी स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली. मी बशीवर सगळा जोर लावून टोक ओढलं. कर्र असा आवाज झाला, दात आंबले, आणि एक काळी रेघ उमटली.

“बघ, पडला ओरखडा,” त्या म्हणाल्या.

“हात लावून बघा.”

त्यांनी बोट फिरवलं. मी चिमूटभर भांडी घासायची पूड मागून घेतली आणि रेघेवर ओल्या फडक्याने चोळली. रेघ गेली. खाली बशी होती तशी.

“ते सुरीचं लोखंड बशीला लागलं होतं,” मी म्हटलं. “बशी सुरीपेक्षा कडक आहे. आणि ह्या बरणीचा निळा रंग वरून दिलेला नाही, वरच्या काचेसारख्या थराखाली आहे. तो काढायचा तर आधी वरचा थर जायला हवा. त्याला फिरतं चाक लागतं, वाळू लागते आणि मोठ्या माणसाचा सराईत हात लागतो. नऊ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाच्या चाकूने हे जन्मात जमलं नसतं.”

तेहमीबाई बशीवरून पुन्हा बोट फिरवत राहिल्या. मला गप्प राहवेना. शिकवायची सवय वाईट असते, एकदा सुरुवात केली की तोंड थांबत नाही. मुंबईला शिक्षकांच्या वर्गात संग्रहालयातल्या बाईंनी सांगितलेलं मी त्यांना सांगून टाकलं. पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाचा. तशी वस्तू दुसऱ्या कुणाच्या घरात सापडली तर त्या माणसाची धडगत नसे. म्हणून राजवाड्यातली एखादी वस्तू बाहेर गेली, कुणाला बक्षीस मिळाली किंवा कुणी चोरून विकली, की कधी कधी प्रत्येक पंजाचं एकेक नख घासून टाकत. मग ती बादशहाची राहत नसे. नुसती एक सुंदर बरणी.

“म्हणजे पपाने घेतला तेव्हाच चार होती?”

“बहुतेक.”

“तो म्हणायचा, मी स्वतः मोजली.”

“मोजली असतील, नजरचूक...”

“तू मास्तरीण आहेस. खोटं सांगू नको.”

“नसतील मोजली,” मी म्हटलं. “हौशी माणसाचं असं होतं. वस्तू आवडली की तो बघत नाही, मानतो.”

त्या उठल्या. बरणीवर चादर घातली, चारी बाजूंनी नीट खाली ओढली, एखाद्या झोपलेल्या मुलावर घालावी तशी. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, “रविवारी तू ये. मला एकटीला हे त्याला सांगता येणार नाही.”

रविवारी मी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर ठेवणीतलं टेबलक्लॉथ होतं आणि घरभर धनसाकच्या डाळीचा वास होता. केकीसाहेब अकराच्या सुमारास आले. उंच, वाळलेले, डोक्यावर काळी टोपी, पायांत चकाकणारे बूट. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले होते, आणि अजूनही दारातून आत येताना आधी डावीकडे मग उजवीकडे बघत होते. भावंडं आपसात गुजरातीत बोलत. मला ते समजत होतं, इथे मराठीत सांगते.

“जाडी झालीस,” ते बहिणीला म्हणाले.

“तू कोण, पैलवान? बस.”

“आधी नखं बघतो.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “हिने तुम्हाला कामाला लावलं वाटतं, बाई. माझी बहीण लहानपणापासून दुसऱ्यांना कामाला लावते.”

तेहमीबाईंनी चादर काढली. केकीसाहेब बरणीभोवती सावकाश फिरले. हात मागे बांधलेले होते, एखादा डबा तपासावा तसे. पहिला पाय, दुसरा, तिसरा, चौथा. मग पहिल्याशी परत येऊन थांबले.

“नखं कुठे आहेत, तेहमी?”

“नाहीत.”

“बरं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. गाडी उशिरा येणार म्हणून सांगावं तसा सरळ सूर होता. “मग मी निघतो.”

“थांबा,” मी म्हटलं, आणि शुक्रवारी जे सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. बशी दाखवली. काळी रेघ ओढली, पुसून दाखवली. बादशहाची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं मान देऊन ऐकून घेतलं.

“बाई, तुम्ही चांगल्या आहात,” ते शेवटी म्हणाले. “पण मीच केलं.”

“अहो पण...”

“मला आठवतं. मी तिथे मागे बसलो होतो, भिंतीला पाठ लावून. हातात चाकू होता. मला त्याचा आवाज आठवतो. खर्र, खर्र. तुमची बशी वेगळी असेल. मला आवाज आठवतो.”

तेहमीबाई आत गेल्या आणि भाजीची सुरी घेऊन आल्या. मुठीकडून भावापुढे धरली.

“कर.”

“काय?”

“पाचवं घालवलंस नी? आता चौथं घालव. तुला येतं ना ते?”

“वेडी आहेस. मंगळवारी संग्रहालयवाले येतायत म्हणालीस.”

“माझा जार आहे. कर.”

मी मधे पडायला हवं होतं, अशा वस्तूवर कुणी सुरी चालवू देत नाही. पण मी नुसती बघत राहिले. केकीसाहेबांनी सुरी घेतली. कष्टाने एक गुडघा टेकला, मग दुसरा. डाव्या हाताने बरणी कवेत धरली आणि पुढच्या पंजाच्या चौथ्या नखावर टोक टेकवून ओढलं. आवाज झाला. पुन्हा ओढलं, जोर लावून. मानेच्या शिरा तटतटल्या. तिसऱ्यांदा ओढताना सुरीचं टोक निसटलं आणि वाकलं.

त्यांनी वाकून पाहिलं. निळ्या नखावर काळ्या रेघा होत्या. अंगठा जिभेला लावून ते रेघा चोळत बसले. चोळत राहिले. रेघा फिकट झाल्या आणि त्यांच्याखालून नख जसंच्या तसं वर आलं.

“पण आवाज?” ते जमिनीवरूनच म्हणाले.

“पपाचा,” तेहमीबाई म्हणाल्या. “साहेब गेल्यावर पपा रोज इथे बसायचा आणि त्या जागा नाण्याने घासून बघायचा. तू जिन्यात बसून ऐकायचास. मी तुला उचलून वर न्यायची.”

केकीसाहेब मांडी घालून बरणीसमोर बसले होते, आमच्या सातवीच्या मुली बसत तसेच.

“ह्याच लाइनवर माझी नोकरी झाली,” ते म्हणाले. ते आम्हाला सांगत होते की बरणीला, कळलं नाही. “मालगाडीच्या शेवटच्या डब्यात मी एकटा. देवळाली आलं की मी दुसऱ्या बाजूला तोंड करायचो. डब्यात माझ्याशिवाय कुणी नसायचं, तरी लाज वाटायची. लग्नाचं एक ठरत होतं, तेसुद्धा मी मोडलं. म्हटलं, त्या मुलीने तुझं घर कुठे, माणसं कुठे विचारलं तर काय सांगायचं.” त्यांनी वाकलेली सुरी जमिनीवर ठेवली. “आणि पपा म्हणाला होता, नखं परत आली की ये. कधी नव्हतीच ती. मग मी कशाची वाट बघत होतो?”

मला वाटलं होतं, मी एका माणसावरचा ठपका पुसतेय आणि तो सुटल्यासारखा हसेल. मुलांचं गणित सुटलं की त्यांचा चेहरा उजळतो, तसं काहीतरी. पण त्यांच्याकडे बघून मला वाटलं, मी ह्यांच्या हातातली काठी काढून घेतली.

ते उठले, टेबलाचा आधार घेऊन. कपडे झटकले.

“जेवण तयार आहे,” तेहमीबाई म्हणाल्या.

“भूक नाही. बारा-चाळीसची गाडी मिळेल.”

त्या आडव्या गेल्या नाहीत. केकीसाहेब व्हरांड्यात गेले, पायऱ्या उतरू लागले, आणि शेवटच्या पायरीवर थांबून मागे वळले.

“तेहमी. तुला काय वाटायचं?”

“कशाबद्दल?”

“मी केलं की नाही ह्याबद्दल. इतकी वर्षं. खरं सांग.”

तेहमीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. नाही म्हणणं किती सोपं होतं. मला कधीच वाटलं नाही रे, असं म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी मनात म्हणत होते, म्हणा, म्हणून टाका.

“तूच केलंस असं वाटायचं,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत.”

केकीसाहेबांनी मान हलवली. मग फाटकाकडे बघत उभे राहिले.

“आणि तरी ये म्हणायचीस?”

“हो.”

“मी तुझ्या बापाचा जार खराब केला असं समजूनसुद्धा.”

“जार त्याचा होता. तू माझा होतास.”

समोरच्या रस्त्यावरून एक टांगा खडखडत गेला. केकीसाहेब तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, “धनसाकात तू अजून लाल भोपळा घालतेस?”

“घालते.”

“मला नाही आवडत.”

“तो डाळीत घोटलेला असतो. काढता येत नाही.”

“मग?”

“मग खा.”

ते एकेक पायरी वर आले. माझ्या अगदी जवळून गेले, पण त्यांना मी दिसले नसेन. तेहमीबाई त्यांच्या मागोमाग आत गेल्या. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग वाढायच्या डावाचा. कुणीतरी म्हणालं, “एवढं नको,” आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, “गप बस.”

टेबलावर तीन ताटं होती, मी येताना पाहिली होती. तेहमीबाईंनी मला जेवायला थांब असं शुक्रवारीच सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. मी व्हरांड्यात थोडा वेळ उभी राहिले. आतून मला कुणी हाक मारली नाही. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी पिशवीत बशी नीट गुंडाळून ठेवली आणि फाटक आवाज न करता लावून घेतलं.

स्टँडवर नाशिकची बस लागायला अवकाश होता. बाकावर मी एकटीच होते. ऊन चांगलं उबदार होतं. घरी जाऊन सकाळची भाकरी खायची आणि सोमवारच्या तासाची तयारी करायची, एवढंच काम होतं. त्या बाकावर बसल्या बसल्या मला फार वाटलं, कुणीतरी येऊन विचारावं, जेवलीस का गं?